चौकटीवरची शाई

समाजकार्याच्या पदव्युत्तर प्रवेशाची तयारी करणारी माझी विद्यार्थिनी वस्तीत सर्वेक्षणाचा सराव करत होती. तिने संमतीपत्रावर तिथल्या शांताबाईंचा अंगठा आधी घेतला, प्रश्न नंतर वाचले. शांताबाईंनी अंगठ्याची शाई दाराच्या चौकटीला पुसली. तिथे असे निळे डाग बरेच होते.

"नळाचं कधी विचारणार गं?" त्या म्हणाल्या.

"मावशी, तो प्रश्न यात नाही."

"मग अंगठा कशाला घेतलास?"

संध्याकाळी तिच्या चिंतनवहीत ओळ होती: 'आज मी ऐकायला शिकले.' मला संताप आला. आपल्याला हवं तेवढंच विचारायचं आणि त्याला ऐकणं म्हणायचं. खोडायला लाल पेन उचललं आणि थांबलो. अंगठा आधी घ्यावा, म्हणजे प्रश्न ऐकून कुणी नकार देत नाही आणि फॉर्म वाया जात नाही, हे तिला मीच शिकवलं होतं.