रंगवलेली चोच

हात्सुएला कुणी "बिचारी" म्हटलं की माझं डोकं फिरतं. ती कुठल्याच अंगानं बिचारी नाही. साठी उलटली तरी कोंबूचे, म्हणजे आमच्या समुद्रातल्या शेवाळाचे, ओले लांबलचक पट्टे खांद्यावर टाकून ती किनाऱ्यावरच्या गोट्यांवर भराभरा पसरत जाते. मागून येणाऱ्या तरण्याताठ्यांची दमछाक होते. आमची वाळवणं शेजारीशेजारी. आमची तोंडं सुरू झाली की दोघींचे नवरे कानात बोळे घालतात.

शाळेतही आम्ही एकाच बाकावर बसायचो. ती ऐनू, या होक्काइदो बेटावरची मूळची. माझे आजोबा दक्षिणेकडून पोट भरायला आलेले, म्हणजे खरे उपरे आम्ही. पण ती वर्गात शिरली की पोरं ओरडायची, "आ, इनू!" इनू म्हणजे कुत्रा. "अरे, कुत्रा आला!" ऐनू शब्दाचे असे दोन तुकडे केले की झाला यांचा विनोद. मास्तरही हसायचे. तिच्या भाषेत ऐनू म्हणजे माणूस, हे आम्हाला कुणी शिकवलं नाही. कोण शिकवणार? मास्तरांनाच ठाऊक नव्हतं, किंवा ठाऊक करून घ्यायचं नव्हतं.

तिच्या आजीच्या तोंडाभोवती निळं गोंदण होतं. सरकारनं त्यावर बंदी घातलेली, तरी आजीच्या आईनं लपूनछपून गोंदलेलं. लग्नाला आलेल्या मुलीचं ते भूषण. पण दारात परका माणूस दिसला की आजीचा हात आपोआप तोंडावर जायचा. पोस्टमन आला तरी ती हाताआडूनच बोलायची. मी हे डोळ्यांनी पाहिलंय. हात्सुएच्या आईनं गोंदून घेतलंच नाही, आणि हात्सुएला तर घराबाहेर आजीचं गाणंसुद्धा गुणगुणायची बंदी होती.

आता दिवस पालटलेत म्हणे. हात्सुएचा मुलगा कोएई उन्हाळ्यात आपल्या होडीतून पाहुण्यांना पक्षी दाखवायला नेतो. सगळ्यांना हवा असतो तो एतोपिरिका. हा शब्द हात्सुएच्या आजीचाच, अर्थ "सुंदर चोच". काळं अंग, पांढरा चेहरा आणि शेंदरी जाडजूड चोच. आता हे पक्षी मोजकेच उरलेत, म्हणून कड्याखालच्या पाण्यात लाकडाचे पक्षी तरंगत ठेवतात. आपले भाऊबंद इथं नांदतायत असं वाटून खरे पक्षी उतरावेत, एवढीच आशा. खाऱ्या पाण्यानं त्यांचा रंग उडतो, मग हात्सुए त्यांच्या चोची पुन्हा रंगवते.

पाहुणे आणतो तो तोक्योचा ओनिशी. सकाळी पक्षी, संध्याकाळी संस्कृती, अशी त्याची सहल. संध्याकाळी पाहुणे हात्सुएच्या घरी जेवतात, ती गाणं म्हणते, भरतकाम केलेला झगा दाखवते. मला आधीपासून हे पटत नव्हतं. मी तिला म्हटलंही, "अगं, तमाशा मांडलाय त्यानं तुझा."

"असू दे गं काझुयो," ती म्हणाली. "आजीचं गाणं मोठ्यानं म्हणायला मिळतं. माझ्या घरात, दार उघडं टाकून. तुला नाही कळायचं ते."

 

मागच्या जुलैत एका सकाळी दाट धुकं होतं. होडी परतली, पाहुणे खूश होऊन चहा प्यायला गेले, आणि कोएई वाळवणावर आमच्यापाशी येऊन मान खाजवत उभा राहिला.

"आई, आज एक जिवंत पक्षी दिसला नाही. ओनिशीनं लाकडी पक्षीच दाखवले. दुरून दाखव म्हणाला, जवळ गेलं तर बिचकतील. लोकांनी फोटो काढून काढून हात दुखवून घेतले."

"आणि तू काय केलंस, मेल्या?"

"काय करणार? हळू हाकली होडी."

आम्ही दोघी हसलो. तेवढ्यात ओनिशी आला. हात्सुए एका सुट्या लाकडी पक्ष्याची चोच रंगवत बसली होती.

"आजी, एक छोटीशी विनंती होती."

"तुझी आजी कधी झाले रे मी?"

तो हसला. "त्याचं काय आहे, मागच्या खेपेच्या पाहुण्यांनी तक्रार केली. बाई आपल्यासारखीच दिसते म्हणाले. अस्सल वाटत नाही."

"मग शेपूट लावू का?"

त्याला ते कळलं नाही. मला कळलं, आणि अंगाचा तिळपापड झाला. त्यानं खिशातून मेकअपची निळी पेन्सिल काढली. "जुन्या फोटोत बायकांच्या तोंडाभोवती असतं ना, तेवढंच काढायचं. धुतलं की जातं. पक्ष्यांच्या चोची रंगवताच की तुम्ही, मग स्वतःची रंगवायला काय हरकत आहे?"

हे तो तिच्या तोंडावर म्हणाला. वर चांगलं सुचल्यासारखा हसला. माझ्या हातात कोंबूचा ओला पट्टा होता, तो त्याच्या गालावर का नाही ओढला याचं मला आजही वाईट वाटतं.

हात्सुएनं पेन्सिल घेतली, अॅप्रनच्या खिशात टाकली. तो गेल्यावर कोएई म्हणाला, "आई, उन्हाळ्याचं सगळं काम त्याच्याच हातात आहे. पण तू नको म्हणालीस तर नको. होडी कोंबू काढायलाही चालते."

"जा, चुलीत लाकडं घाल," एवढंच ती म्हणाली.  ही मुलासाठी तोंड रंगवणार, असंच मला वाटत होतं.

संध्याकाळी मी वाढायला गेले. पाहुणे मांडी घालून, कॅमेरे सरसावून बसलेले. ओनिशी म्हणाला, "आता येतायत आपल्या अस्सल ऐनू आजी!"

हात्सुए आली. अंगात झगा, तोंड स्वच्छ धुतलेलं. हातात सकाळचा तो लाकडी पक्षी. चोचीचा रंग अजून ओला होता. तिनं तो ओनिशीच्या पुढ्यात, ताटाशेजारी ठेवला, आणि पक्ष्याच्या पाठीवर निळी पेन्सिल.

"तुम्हाला रंगवलेलं तोंड हवं होतं, हे घ्या," ती पाहुण्यांना म्हणाली. "माझी आजी जन्मभर तोंडावर हात धरून बोलली, कारण तिचं तोंड तुमच्या सरकारला चालत नव्हतं. आता ह्यांना तेच माझ्या तोंडावर पेन्सिलीनं काढून हवंय. मी काढणार नाही. गाणं म्हणेन, ते माझं आहे."

 मला वाटलं, आता कुणीतरी मान खाली घालेल. एखादी बाई तरी माफी मागेल.

गळ्यात दुर्बीण अडकवलेले एक गृहस्थ पुढे वाकले. त्यांनी पक्षी उचलला, उलटा केला, पाण्यात सरळ तरंगावा म्हणून तळाला ठोकलेलं वजन बघितलं. चेहरा लालबुंद.

"म्हणजे सकाळचे ते सगळे..."

"लाकडाचे," कोएई दारातून म्हणाला.

मग जो गदारोळ उठला! फसवणूक आहे, पैसे परत द्या, आम्ही एवढ्या लांबून आलो, फोटो घरी पाठवून झाले. दहाजण एकदम ओनिशीवर तुटून पडले. तो वाकून वाकून माफी मागत होता, पक्ष्यांबद्दल. तोंडाबद्दल एकानंही चकार शब्द काढला नाही. ना त्यानं, ना त्यांनी.

मी पळी आपटणार होते. हात्सुएनं माझा हात धरला, आणि त्या कालव्यातच डोळे मिटून आजीचं गाणं सुरू केलं. कुणी ऐकत नव्हतं. दार उघडं होतं.