अर्डिसने उघडलेली काडतुसं

अर्डिस टॉलफ्सन मला कधीच आवडली नाही. आमच्या डकोटातल्या गावात तिने अठ्ठावीस वर्षं टपाल वाटलं. कुणी दारातला बर्फ उपसला नसेल तर त्याचं टपाल सरळ परत न्यायची. निवृत्तीनंतर नेमबाजी क्लबात सुरक्षेचं काम तिच्याकडे आलं. केशरी जाकीट घालून ती रांगेमागे फिरायची आणि ज्याची त्याची खरडपट्टी काढायची. मी क्लबाचा सचिव, त्यामुळे तक्रारी माझ्याकडे.

त्यातल्या निम्म्या वेंडलच्या, म्हणजे तिच्या धाकट्या दिराच्या. तिच्या नवऱ्याच्या, ओलाफच्या दफनाच्या दिवशी दोघांचं जे बिनसलं ते कायमचंच.

त्या हिवाळ्यात वेंडल रिव्हॉल्व्हरची काडतुसं घरीच भरायला लागला. त्यासाठी त्याने सगळ्यात झपाट्याने जळणारी दारू निवडली. चिमूटभर पुरते, असं कौतुकाने सांगायचा. अर्डिसने त्याला चारचौघांत सुनावलं, की चिमूटभर पुरते हाच तर तिचा धोका. चुकून दोनदा पडली तरी काडतुसाची पुंगळी अर्धी रिकामीच दिसते, आणि बार काढताना रिव्हॉल्व्हर फुटतं. नवशिक्याने काडतुसं भरण्याच्या पुस्तकात दिलेली फुगीर, जास्त जागा खाणारी दारू घ्यावी, दोनदा ओतली तर बाहेर सांडते.

"तुला विचारलं कोणी?" वेंडल म्हणाला.

एप्रिलच्या सामन्यात वेंडलचा तिसरा बार फुसका निघाला. टिचकीएवढा आवाज झाला आणि निशाणावर काहीच लागलं नाही. तो पुन्हा घोडा ओढणार, तोच अर्डिसने मागून त्याचं मनगट धरलं.

"बोट काढ. गोळी नळीत अडकलीय."

"हात सोड माझा."

"आधी बोट काढ, मग सोडते."

रिव्हॉल्व्हर रिकामं करून नळीत सळई घातली तर ती मध्येच अडली. मागून दुसरी गोळी आली असती तर नळी त्याच्या हातात फुटली असती. मला वाटलं, मिटलं. पण अर्डिसने त्याच्याकडे काडतुसांची पेटी मागितली. एका पुंगळीत दारू पडलीच नाही, गोळी नुसत्या बुडाच्या टिकलीच्या जोरावर नळीत शिरली, तर तिच्या वाट्याची दारू दुसरीत पडली असेल, असं तिचं म्हणणं. गोळी बसवण्याआधी प्रत्येक पुंगळीत बॅटरी मारून पाहिलं होतंस का, असं तिने विचारलं. वेंडल तेव्हा रेडिओवर हॉकी ऐकत होता, हे त्यानेच आदल्या आठवड्यात मला सांगितलं होतं.

"ओलाफ लवकर का गेला ते आज कळलं," तो तिला म्हणाला. "तुझ्यासोबत राहण्यापेक्षा ते बरं."

मी गुणांचे कागद आवरायला लागलो.

अर्डिस टेबलाशी बसली. एकेक काडतूस उघडायची, दारू तराजूत ओतायची. अख्खं काडतूसच वजन करून का बघत नाहीस, असं कुणीतरी विचारलं. पुंगळ्या-गोळ्यांच्या वजनातच चिमूटभर दारूहून जास्त फरक असतो, असं तिने मान वर न करता सांगितलं. एकेचाळिसाव्या काडतुसातून बरोबर दुप्पट दारू निघाली.

"एकच तर निघालं," वेंडल म्हणाला आणि गाडी काढून निघून गेला.

सभासदाच्या अंगाला हात लावल्याबद्दल अर्डिसने लेखी माफी मागावी, असं समितीने ठरवलं. पत्र घेऊन मीच गेलो. तिने ते दारातच वाचलं, मला आत बोलावलं नाही. आतून केशरी जाकीट आणून माझ्या हातात कोंबलं.

"आता तू घाल. आणि कुणाचा हात धरायची वेळ आली तर आधी समितीला पत्र लिही."

दार लागलं.

वेंडल अजून क्लबात येतो. हल्ली फुगीर दारू वापरतो, आणि दोनदा पडली तर सांडायला हवी, असं नव्या लोकांना बजावतो. हे आपल्याला अनुभवाने कळलं, म्हणतो. मी ऐकून घेतो. अर्डिस किराणा दुकानात समोर आली की मला पाहून सामानाची ढकलगाडी दुसरीकडे वळवते.