मामांच्या पहिल्या चार खेळ्या

लिहिण्याचा मला तसा काही अधिकार नाही. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि चार बुकं वाचली म्हणून वडीलधाऱ्यांवर लिहिणं शोभत नाही, हे मला कळतं. वाचकांनी माफ करावं. पण माझ्या आत्याच्या यजमानांइतका, म्हणजे आमच्या मामांइतका, बुद्धिबळाने पछाडलेला माणूस निजामाच्या साऱ्या मुलखात दुसरा नसेल.

युसूफ वडगावात मामा सकाळीच ओट्यावर कापडी पट पसरत, आपल्या पहिल्या चार खेळ्या करून ठेवत आणि कुणी येईल म्हणून वाट पाहत. आमच्याकडच्या जुन्या रीतीत सुरुवातीच्या काही खेळ्या एकदम करून घेता येतात. मामांच्या चारही कायमच्या ठरलेल्या. त्या गावाला पाठ होत्या, तरी कुणी येताना दिसलं की मामा त्या धोतराच्या सोग्याने झाकत. जेवायला हाक आली की म्हणत, "थांब, ह्येचा डाव व्हऊ दे." समोर कुणीच नसे. आत्या म्हणे, "कोन हाय ते तरी सांगा, त्याचं बी ताट करते."

हैदराबादेत एका नवाबाच्या देवडीवर, म्हणजे त्याच्या वाड्यावर, दर हिवाळ्यात सामने होत. तिथे एकदा खेळावं, एवढीच मामांची इच्छा. त्या सामन्यांना खेळाडू निवडणारे एक गृहस्थ केजला तहसीलदारांकडे पाहुणे आले, तेव्हा मामा मला, शिकलेला म्हणून, सोबत घेऊन गेले. बसताच त्यांनी चार खेळ्या उरकल्या.

"अजी पटेल, एकदम चार चालाँ?" पाहुणे मामांना म्हणाले.

"तुमी बी घ्या की, सायेब. आमचं कायबी म्हन्नं न्हाई."

पाहुण्यांनी विलायती रीतीने प्यादं दोन घरं पुढे टाकलं. मामांनी ते बोटाने एक घर मागे सारलं. "घाई कावून? एकच घर चालतंय ते." मग पाहुण्यांनी त्याच रीतीने एकाच खेळीत राजा आणि हत्ती दोन्ही हलवले. मामांनी शह जवळ येताना पाहून राजा घोड्यासारखा उडवला. आमच्या रीतीत राजाला डावात अशी एक उडी असते. दोघांनीही माझ्याकडे पाहिलं. मला दोघांचंही बरोबर वाटत होतं. जिंकतंय कोण, हे तर मुळीच कळेना. शेवटी दोघांनीही आपणच मात केल्याचं जाहीर केलं.

पाहुणे हसले. "देवडी पे आओ, पटेल. मगर वहाँ के कायदे से."

परतताना बैलगाडीत मी विचारलं, "मामा, जाणार का?"

"राजाची उडी काडून घेतल्यावर खेळायचं काय रे?" ते म्हणाले. मग बैलांना हाकत पुटपुटले, "बघू."

मी पुण्याला कॉलेजात परतलो. हिवाळा सरल्यावर मामांचा वडगावचा एक शेजारी पुण्यात भेटला. मामा देवडीवर गेले होते म्हणे, हाच त्यांच्यासोबत होता. पहिल्याच डावात हरले.

"आणि सुरुवातीच्या चार खेळ्या?" मी विचारलं.

"न्हाई. एकच केली. प्यादं दोन घरं फुडं टाकलं, अन् लई येळ त्याच्यावरचं बोट काडलं न्हाई."