एका डब्यावर सगळ्या खोल्या

मी लॉजच्या उशांच्या अभ्र्यांना इस्त्री करत होते. निम्मे झाले होते, तेवढ्यात भावजींचा फोन आला. "वहिनी, टीव्हीला हात लावू नका. तपासणीवाले आलेत."

इस्त्री बंद करून तिथेच बसून राहिले. समोर सकाळचं प्रवचन चालू होतं.

भावजी म्हणजे माझे धाकटे दीर. घरापुढचं छोटं लॉज तेच चालवतात. चादरी धुण्यापासून गळका नळ दुरुस्त करण्यापर्यंत सगळं स्वतः. नियम असा, की प्रत्येक खोलीतल्या टीव्हीचा वेगळा परवाना घ्यायचा, मग खोलीत कुणी उतरो न उतरो. निम्मं लॉज रिकामं असतं, एवढं भरायचं कुठून? म्हणून त्यांनी आमच्या घरच्या केबलच्या डब्यातून वायर काढली आणि गच्चीवरून सगळ्या खोल्यांत फिरवली. मी जे लावीन तेच पाहुण्यांना दिसे. "तुमच्यामुळे माझं गिऱ्हाईक पुण्यवान होतंय," असं मला चिडवत. मॅच असली की मात्र चॅनल बदलायला स्वतः धावत येत.

आज तपासणीच्या साहेबांनी एकेक खोली उघडायला लावली. जिथे तिथे तेच प्रवचन. "आमच्याकडे भाविक लोकच उतरतात, साहेब," असं भावजींनी सांगून पाहिलं. साहेब हसले नाहीत. जोडीदाराला खोलीत ठेवून, वायरीच्या मागोमाग ते थेट आमच्या दारात आले. त्याच्याशी बोलायला फोन कानाला लावलेलाच. मागे भावजी, घामाने निथळत.

"ही वायर कसली?"

"कपडे वाळत घालायची," भावजी म्हणाले.

"बरं. बाई, जरा चॅनल बदला."

रिमोट माझ्या हातात. दाबला तर तिकडे खोलीत लगेच दिसणार. नाही दाबला तर का नाही, ते विचारणार. चोरून जोडल्याचा दंड होतो आणि नाकबूल केलं तर लॉजला कुलूप लागतं, हे भावजींनीच मागे सांगितलं होतं. मनात देवाचं नाव चालू होतं, पण बोट हलेना. भावजी माझ्याकडेच बघत होते.

"राहू द्या, वहिनी," ते म्हणाले. "साहेब, वायर माझी आहे. मीच ओढली. त्यांना यात घेऊ नका."

साहेबांनी तिथेच वायर कापली. कुलूप टळलं, दंड टळला नाही. परवाना नसेल तर खोलीत बंद टीव्हीसुद्धा ठेवायचा नाही, असं बजावून गेले.

दुपारी भावजींनी भिंतींवरचे टीव्ही उतरवले. एक पाहुणा कुरकुरला, "मग भाडं कमी करा."

"आता झोप चांगली लागेल, त्याचे वेगळे पैसे घेत नाही," भावजी म्हणाले. पण आवाजात जीव नव्हता.

मी जेवणाचं ताट घेऊन गेले तेव्हा त्यांना म्हटलं, "खरं बोललात, देव बघतोय."

"बघतोय ना? मग दंडात थोडी सूट द्यायला सांगा त्याला."

ताटातलं निम्मं तसंच राहिलं. उद्या सकाळी टेम्पो बोलावलाय. सगळे टीव्ही घेऊन ते जुन्या सामानवाल्याकडे विकायला जाणार आहेत.