मूठभर जुना कापूस

"गादी मी शिवतो, झोप तुमची तुम्ही आणायची," असं गादीवाले प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावत. गिऱ्हाईक हसायचं. यात हसण्यासारखं काय आहे ते त्यांना कधीच कळलं नाही.

त्यांचं दुकान म्हणजे जिन्याखालची खोली. तिथे कापूस सगळीकडे असे: भुवयांवर, चहात, भिंतीवरच्या घड्याळाच्या काट्यावर. "तुमच्याशी संसार म्हणजे ढगाशी संसार," बायको म्हणायची. "घर भरून टाकतो आणि हाताला काही लागत नाही." स्वतः गादीवाले फळीवर झोपत. आपण शिवलेल्या गादीवर पडलं की त्यांना टाके जाणवत. हा सैल, तो तिरका, इथे कापूस कमी. रात्रभर मनातल्या मनात उसवून शिवत बसायचं, त्यापेक्षा फळी बरी. शेजारी बायको दुप्पट जाड गादीवर घोरत असे.

मुलगी लग्न होऊन सरहद्दीपलीकडे गेली होती. तिला सातवा महिना लागला आणि तिची झोप उडाली.

"बाबा, इथला पलंग म्हणजे नुसता स्पंज आहे," ती फोनवर म्हणाली. "या कुशीवर वळले की त्या कुशीला खड्डा. डॉक्टर म्हणतात झोपा. कशी झोपू? रडूच येतं."

गादीवाल्यांनी फोन ठेवला आणि कापूस पिंजायला घेतला.

विमानाचं भाडं ऐकून ते म्हणाले, "एवढ्या पैशांत मी विमानातल्या सगळ्यांना गाद्या शिवून देईन." तेव्हा ठरलं ते असं: सरहद्दीपर्यंत बस, सरहद्द पायी, पुढे रेल्वे.

"आणि ही कशी नेणार?" बायकोनं विचारलं. गादी गुंडाळून, सुतळीनं आवळून दारात उभी होती.

"खांद्यावर."

"अहो, लोक म्हणतील म्हाताऱ्याला घरातून हाकललं."

"म्हणू देत. अंथरूण घेऊन हाकललं म्हणजे बायको चांगली, असंही म्हणतील."

बसमध्ये कंडक्टरनं गादीकडे बोट दाखवलं. "हिचं तिकीट?"

"ती उभ्यानं येईल."

"उभ्यांनाही तिकीट लागतं, काका."

"मग अर्धं द्या. अजून कुणी झोपलेलं नाही तिच्यावर. लहान आहे."

बस हसली. कंडक्टरनं अर्धं तिकीट फाडलं. गादी वाटभर दोन बाकांच्या मधे उभी राहून डुलत होती आणि वळणावर आळीपाळीनं दोन्हीकडच्या बायकांच्या खांद्यावर डोकं टेकत होती.

सरहद्द म्हणजे काहीतरी मोठं असेल अशी गादीवाल्यांची समजूत होती. प्रत्यक्षात रस्त्यावर एक पिवळा पट्टा होता आणि त्यावर एक कुत्रं आडवं झोपलं होतं, पुढचे पाय या देशात, मागचे त्या देशात. गादीवाल्यांनी थांबून त्याची झोप पाहिली. उत्तम होती.

तपासणीच्या टेबलामागे एक बाई होत्या. त्यांनी आधी गादीवाल्यांच्या टोपीत खोचलेलं दाभण पाहिलं. वीतभर लांब, माणसाच्या आरपार जाईल असं. ते त्यांनी परत दिलं.

"गादी उसवा."

"चाकू नका लावू, बाई. मीच उसवतो."

त्यांनी एका कडेचे टाके काढले. बाईंनी कोपरापर्यंत हात घातला. पांढरा कापूस, पांढरा कापूस, आणि मग मधोमध एक पिवळट, दबलेला पुंजका.

"हे काय?"

"विरजण."

"आत दही आहे?"

"नाही हो. जुना कापूस आहे, मूठभरच. मुलगी लहानपणी ज्या गादीवर झोपायची त्यातला. नव्या कापसाला झोप म्हणजे काय ते ठाऊक नसतं. जुना शेजारी असला की शिकतो."

"नवा चालेल. वापरलेला कापूस पलीकडे न्यायला बंदी आहे. त्यातून रोग जातात."

"यातून एकच जाईल. आळस."

रांग हसली. बाईही हसल्या. हसून झाल्यावर नियम होता तिथंच होता. "ठेवून पुढे जायचं, की घेऊन मागे जायचं? लवकर सांगा, काका."

गादीवाले पुढे गेले. जाण्यापूर्वी बाईंनी तो पुंजका डब्यात टाकलेला त्यांनी पाहिला. डब्यात आधीच कुणाचं तरी रोप होतं आणि एक अर्धवट खाल्लेलं फळ.

पलीकडच्या स्टेशनात गाडीला अवकाश होता. फलाटावर बसून त्यांनी गादीची कड शिवली, आणि शिवता शिवता मनात पाल चुकचुकली. ही आता गादी आहे, की नुसता पिशवीत भरलेला कापूस? पोरीनं यावर पाठ टेकली आणि तरी डोळा लागला नाही, तर? एवढ्या लांबून आपण तिला आणखी एक रात्र रडायला घेऊन चाललो आहोत का?

तपासायचा मार्ग एकच होता. त्यांनी सुतळी सोडली, गादी पसरली आणि फक्त चार टाके बघावे म्हणून तिच्यावर आडवे झाले.

गाडी आली, शिट्टी वाजवून गेली.

"काका, गाडी गेली ना तुमची," झाडूवाली मावशी काठीनं त्यांचा पाय हलवत म्हणाली.

"मग उठवलं का नाही?"

"उठवलं की! तुम्ही म्हणालात, 'राहू दे, दुसरी शिवतो.'"

पुढची गाडी थेट सकाळी होती. फोन सरहद्द ओलांडल्यापासून मुका झाला होता. त्या सकाळच्या गाडीत गादीला मिठी मारून बसलेल्या गादीवाल्यांच्या लक्षात आलं, की गादी आता वापरलेली आहे. पण ती वापरली गेली सरहद्दीच्या या बाजूला. म्हणजे नियमातही बसत होती. ते एकटेच हसले. समोरच्या प्रवाशानं आपली पिशवी जवळ ओढली.

मुलगी दारातच उभी होती. डोळे सुजलेले, एक हात कमरेवर.

"कुठे होतात तुम्ही? रात्रभर बसून काढली मी! हे दोनदा स्टेशनवर जाऊन आले!"

"झोप लागली."

"झोप? तुम्हाला? फळीवर?"

"हिच्यावर," ते चोरट्यासारखे म्हणाले. पलंगावर गादी पसरत त्यांनी सगळं सांगून टाकलं. विरजण गेलं ते, टाके, फलाट. "आता लागेल का झोप, ते मला सांगता येणार नाही, पोरी."

"कापसाचं काय घेऊन बसलात!" ती गादीवर बसली, मग कुशीवर झाली, पण तोंड थांबलं नाही. "एक फोन करता आला नाही? कुणाचाही मागायचा. आई तिकडे देव पाण्यात घालून बसलीय. मी म्हटलं, वाटेत कुठे पडले बिडले असतील, आणि तुम्ही खुशाल... परत असं केलंत ना बाबा, तर मी तुमच्याशी..."

पुढचा शब्द आला नाही. गादीवाले मान खाली घालून बाकीची बोलणी यायची वाट बघत राहिले. बऱ्याच वेळानं त्यांनी मान वर केली.

तिचं तोंड किंचित उघडं होतं. गादीच्या कडेचा एक टाका चिमटीत धरलेला होता. तो तिरका शिवला गेला होता. त्यांचा हात टोपीतल्या दाभणाकडे गेला आणि तिथूनच परत आला.

जावई चहाचे कप घेऊन आत आला. "बाबा, ती..."

गादीवाल्यांनी ओठांवर बोट ठेवलं, आपला कप घेतला, दुसऱ्या हातात चपला उचलल्या आणि अनवाणी पावलांनी बाहेर पडले.