भिंतीवरचा कंडक्टर

दसरा झाला आणि ठरवलं, आता जायचंच. दिवाळीआधी घरांना चुना देतात, आणि खालापूरच्या अलीकडच्या एका भिंतीवर आमच्या ह्यांचं चित्र होतं.

ही ऐंशीच्या आसपासची गोष्ट. हे एसटीत कंडक्टर, कर्जत-खालापूर गाडीवर. ते गेले त्या साली दामू पेंटरने त्यांना थांब्यासमोर काढलं, असं कानावर आलं होतं. दोन वर्षं मला धीर झाला नव्हता. घरात ह्यांचा एकच फोटो, लग्नातला, मान खाली घातलेला.

शेलूहून सकाळच्या गाडीने कर्जत गाठलं. जाणार असाल तर स्टेशनवरच वडा खाऊन घ्या, आणि एसटीची वेळ विचारून ठेवा. दुपारची चुकली की संध्याकाळपर्यंत बसा.

वाटेत भात कापणीला आलेला. आणि दामूच्या भिंती! गिरणीवर उड्या मारणारी पोती, दवाखान्यावर सुईला घाबरून पळणारा पैलवान. काजळीची जाड रेघ, आत गेरू नाहीतर नीळ. चित्रं पुस्तकात जपून बघायची एवढंच मला माहीत. इथे गुराखीसुद्धा उभ्या उभ्या बघून हसत होता.

पिशवी घेऊन थांब्यावर उतरले. समोर हे. चेहरा नव्हताच, पण एक पाय पायरीवर, हात घंटीच्या दोरीला, डावा खांदा उतरता. तसाच.

मी कोण ते सांगितल्यावर घरमालकीण सखूबाई म्हणाल्या, "दोन दिवाळ्या सगळ्या घराला चुना दिला गं, कंडक्टर तेवढा सोडला. त्यांच्यावर कुंचा कसा फिरवू?"

रंगाचे डबे घेऊन दामू तिथेच होता. मी विचारलं, "तुम्ही दरवर्षी नवं काढता ना?"

"काढतो. गाडीची वाट बघणाऱ्यांना शिळं का दाखवायचं? पण हे ऱ्हाऊ द्या वहिनी. रेघ गडद करून देतो."

मी ओट्यावर बसून बघत राहिले. दुपारची गाडी गेली. मग सखूबाईंकडे कुंचा मागितला.

"अगं, तू?"

"वाट बघणाऱ्यांना नवं दिसू दे. पण ह्यांच्यावर दुसऱ्या कुणी चुना दिला तर मला राग येईल."

चुना देताना तो उतरता खांदा शेवटी ठेवला.

चुना वाळेपर्यंत सखूबाईंनी तांदळाची भाकरी वाढली. मग दामूने एका दमात गाडीला हात करणारी माणसांची रांग काढली. टोकाला पिशवी घेतलेली एक बाई.

"ही कोण रं?" थांब्यावरच्या एका म्हाताऱ्याने विचारलं.

"पॅसेंजर," दामू म्हणाला.

संध्याकाळच्या गाडीने परतले. पुढच्या दिवाळीला ती बाईही पुसली जाणार होती, याचं वाईट वाटलं नाही. नखांतला चुना मात्र बरेच दिवस राहिला. मी तो घासून काढला नाही.