चौथ्या ट्रॅकवरचा आवाज

सुनंदाताईंची आणि माझी ओळख त्यांनी मला झापल्यामुळे झाली. बदलापुरात एका लग्नाच्या बँडमध्ये मी ड्रम वाजवत होतो. ताई मुलीकडच्या पाहुण्या. वरात जरा थांबली तशी त्या सरळ माझ्यापाशी आल्या आणि म्हणाल्या, "तुम्हाला कुठे जायची घाई आहे का? नवरदेव मागे राहिला." आजूबाजूचे हसले. माझे कान तापले. पुढच्या सोमवारी आनंदनगरच्या एका कारखान्यात नव्या नोकरीवर हजर झालो, तर पॅकिंग विभागात त्याच बाई समोर. संपलं म्हटलं आता.

संपलं नाही, तिथूनच सुरू झालं. ताई साठ वर्षांच्या होत आहेत आणि गौरव समितीने मला त्यांच्या संगीतरचनेवर लिहायला सांगितलं आहे. आनंदाने लिहितो. पण ते प्रामाणिकपणे लिहायचं तर एक गोष्ट सांगावी लागेल. ती ताई, त्यांचे वडील आणि मी, अशा आम्हा तिघांनाच ठाऊक होती. त्यातले एक आता नाहीत, ताई कधी बोलणार नाहीत, आणि मी इतकी वर्षं तोंड शिवून बसलो. हा परिच्छेद मी चार वेळा खोडला आहे.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आमच्या 'गारठा' या बँडने 'तिसरी पाळी' नावाची कॅसेट काढली. आम्ही तिघं होतो. उल्हासनगरचा हरेश गिटार आणि बास वाजवायचा, गायचाही. ड्रम माझ्याकडे. पायपेटी आणि सगळी संगीतरचना ताईंची. हे संगीत होतं गॉथिक रॉक. ज्यांनी ते ऐकलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. खालच्या पट्टीतला आवाज, रेंगाळणारा बास, थंडगार गिटार, आणि विषय मरण, ओसाडी, भीती असले. हरेशच्या चुलतभावाने परदेशातून तसल्या कॅसेट आणल्या होत्या. मी ऐकून म्हणालो, ही भुताची गाणी. ताईंनी डोळे मिटून एक बाजू पूर्ण ऐकली आणि म्हणाल्या, "ही माणसं मयताला घाई करत नाहीत. मला आवडलं."

ताई बुवापाडा या कामगारवस्तीतल्या. विहारातल्या गाण्यांच्या कार्यक्रमांत लहानपणापासून पेटी वाजवलेल्या. त्यांची पायपेटी एका बंद पडलेल्या नाटक मंडळीकडून आलेली, तिच्या भात्याला सायकलच्या ट्यूबची ठिगळं होती. तिचा श्वास ऐकू यायचा. हरेशला तो नको होता, ताई म्हणाल्या, तोच तर हवा आहे. 'लाल पाणी' हे गाणं ऐकलंत तर कळेल. बास तीनच सुरांवर चालतो, माझा ड्रम फक्त समेवर पडतो, बाकी सगळा तो भाता. मला हात बांधल्यासारखं व्हायचं. मी कुरकुर केली की त्या म्हणत, "ज्या वाद्याला गप्प बसता येत नाही, ते माझ्या गाण्यात नको."

रेकॉर्डिंग शुक्रवारी चालायचं, कारण आमच्या पट्ट्यात कारखान्यांना सुट्टी शुक्रवारी. हरेशच्या काकांची उल्हासनगरात जीन्स धुण्याची शेड होती. तिथले सिमेंटचे निळे पडलेले हौद शुक्रवारी कोरडे असत. एका हौदात स्पीकर ठेवायचा, दुसऱ्या टोकाला माईक, आणि त्यातून गिटार आली की अंगावर काटा यायचा.

मशिन माझ्या ताब्यात होतं. त्याला चारच ट्रॅक, म्हणजे एका टेपवर चार वेगळे आवाज बसत. आम्हाला हवे असत सात-आठ. मग ड्रम, बास आणि पेटी पहिल्या तीन ट्रॅकवर भरायची, तिन्ही मिळून चौथ्यावर उतरवायची, आणि मोकळ्या झालेल्या तिन्हींवर पुढचं भरायचं. चौथ्यावर आधीचं काही असेल तर ते कायमचं पुसलं जायचं. म्हणून ताई प्रत्येक गाणं आधी कागदावर पक्कं करत. सात गाणी अशीच झाली. तीन भरा, चौथ्यावर उतरवा.

आठवं आणि शेवटचं गाणं 'नाव, गाव, काम'. ते ताईंच्या वडिलांवरून सुचलेलं. नाना वेल्डर होते. बुवापाड्यात कुणी गेलं की तिरडी उचलायच्या आधी नाना पुढे येत आणि गेलेल्या माणसाच्या तीनच गोष्टी मोठ्याने सांगत. "शांताबाई. गाव मुरबाडकडचं. काम, विटा वाहिल्या." बस. गुणगान नाही, रडणं नाही. माईकशिवाय तो आवाज शेवटच्या खोलीपर्यंत जायचा. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "माणूस अनोळखी म्हणून जाऊ नये, एवढंच." गाण्याच्या मध्यावर सगळी वाद्यं थांबणार, फक्त भाता चालू राहणार, आणि नाना वस्तीतल्या अकरा गेलेल्या माणसांची नाव, गाव, काम सांगणार, अशी ताईंची रचना होती.

तेवढ्यात नानांच्या घशात गाठ निघाली. स्वरयंत्र काढावं लागेल, डॉक्टरांनी सांगितलं. मंगळवारी ऑपरेशन ठरलं. म्हणून आदल्या शुक्रवारी, बाकीचं गाणं तयार नसताना, आम्ही नानांचा आवाज आधी भरून घेतला. मी काठीने मात्रा मोजत होतो, नाना हौदाच्या काठावर उभे होते. एका दमात अकरा नावं झाली. "एवढ्यात झालं?" नाना म्हणाले. तो आवाज चौथ्या ट्रॅकवर गेला. दुसऱ्या टेपवर प्रत काढायला हवी होती. पुढच्या शुक्रवारी काढू, असं म्हणणारा मीच.

पुढचा शुक्रवार. सकाळी ड्रम, बास आणि पेटी भरून झाली. या एका गाण्यासाठी ताईंनी रीत बदलली होती. कागदावर ठळक लिहिलं होतं, 'चौथा ट्रॅक नानांचा. एकत्र करायचं नाही.' गिटार आणि गाणं शेवटी, कॅसेटवर उतरवतानाच थेट घ्यायचं ठरलं होतं. दुपारी त्या आईसाठी डबा घेऊन हॉस्पिटलात गेल्या. हरेश गिटारची तार आणायला कल्याणला गेला. मी एकटा होतो. कागद समोर होता, मी तो वाचलाही होता. पण सात गाण्यांत बोटांना जी सवय लागली ती लागली. तीन ट्रॅक भरलेले दिसले आणि मी ते चौथ्यावर उतरवले.

गाणं मध्यावर आलं. नानांची जागा आली. हेडफोनमध्ये फक्त भात्याचा श्वास. मला वाटलं वायर सुटली. वायर तपासली, बटणं तपासली, टेप मागे घेतली. पुन्हा श्वास. मी जमिनीवर बसलो.

ताई चारच्या सुमारास आल्या. चेहरा उजळलेला. "नाना बरे आहेत. पाटीवर लिहितात आता. पहिलं काय लिहिलं माहितीये? 'कॅसेट कधी?'"

मी कारखान्यात, बँडमध्ये नीट मराठी बोलायचो, पण त्या वेळी माझ्या जांभूळ गावची घरची बोलीच तोंडात आली. "ताई, पुसला गेला. नानांचा आवाज. सगला. माज्या हातून."

त्यांनी डबा खाली ठेवला. हेडफोन घातले आणि पूर्ण गाणं ऐकलं. मग पुन्हा. मग तिसऱ्यांदा. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघू शकत नव्हतो, म्हणून त्यांच्या पायांकडे बघत होतो. भात्याची जागा आली की त्यांचा पाय पेटी नसतानाही चालत होता. तिसऱ्यांदा गाणं संपतंय तोवर हरेश आत आला.

"नानांचा आवाज मी काढला," ताई त्याला म्हणाल्या. "गाण्यात बसत नव्हता."

"ताई, मजाक करताय ना?" हरेशच्या हातातून तारेचं पाकीट पडलं. "वो आवाज़ ही तो गाना था! आता परत कुठून आणणार?"

"कुठूनच नाही. जागा तशीच राहील. तिच्यात कुणी काही वाजवायचं नाही."

हरेश कित्येक महिने त्यांच्याशी कामापुरतंच बोलला. "पत्थर है ये औरत," तो माझ्यासमोर म्हणायचा, "अपने बाप का आवाज़ काट डाला." मी समोर बसून चहा प्यायचो. माझ्या आयुष्यातली सगळ्यात नीच गोष्ट ती, आवाज पुसणं नव्हे.

त्या संध्याकाळी रिक्षा स्टँडवर मी ताईंना विचारलं, असं का केलंत. त्या म्हणाल्या, "हरेश तापट आहे. तुमच्याशी भांडला तर बँड मोडेल. माझ्याशी भांडला तर नुसता भांडेल. आणि घाबरलेला ड्रमर मला नको." रिक्षात बसताना म्हणाल्या, "नानांशी मात्र मी खोटं बोलणार नाही. त्यांना तुम्ही सांगायचं."

नाना घरी येईपर्यंतचे दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. बुवापाड्यातल्या त्या खोलीत ताईंनी कॅसेट लावली तेव्हा मी दारापाशी उभा होतो. आधी सांगायचं ठरवून आलो होतो, पण नानांनी हातानेच गप्प बस म्हणून खुणावलं. त्यांच्या गळ्याला पांढरी पट्टी होती, तिच्याखालून श्वास वाजत होता. गाणं मध्यावर आलं. सगळं थांबलं. भाता उरला. नानांनी टेपकडे पाहिलं, मग ताईंकडे. ताई हलल्या नाहीत.

मग नानांचे ओठ हलायला लागले. एकेक नाव, एकेक बोट. घाई नाही. अकरावं नाव ओठांवर संपलं आणि नेमका त्याच क्षणी माझा ड्रम पडला.

मी रडत रडत सगळं सांगितलं. नानांनी पाटी ओढली. मला वाटलं, चालता हो म्हणून लिहितील. त्यांनी लिहिलं, 'नावं पाठ आहेत तुला?' मी नाही म्हणालो. त्यांनी पुसून पुन्हा लिहिलं, 'मग कर.'

त्यानंतरचे सगळे रविवार मी त्या खोलीत बसलो. नाना पाटीवर लिहीत, मी म्हणे. घाई केली की ते पाटीवर खडू आपटत. अकराची पुढे कितीतरी झाली. वस्तीत कुणी गेलं की नाना मला बोलावणं पाठवत आणि शेजारी उभे राहत. काही वर्षांनी नाना स्वतः गेले. सगळी वस्ती उभी होती, पण पुढे कुणी येईना. ताई माझ्याकडे वळल्या. "म्हणा," एवढंच म्हणाल्या. मी म्हणालो, "महादू. गाव जुन्नरकडचं. काम, वेल्डिंग, आणि लोकांची नावं घेणं." आवाज शेवटच्या खोलीपर्यंत गेला की नाही ठाऊक नाही. ताईंनी मान हलवली, म्हणजे गेला असावा.

आज 'तिसरी पाळी' ऐकणारे लोक त्या रिकाम्या जागेला धाडसी रचना म्हणतात. म्हणोत, ती धाडसी आहेच. पण तिच्यामागे काय झाकलं होतं ते आता सगळ्यांना कळलं. हरेश, समारंभाला तू पहिल्या रांगेत असशील. भांडायचंय तर माझ्याशी भांड, आणि त्याआधी ताईंच्या पाया पड.

ताई, त्या दिवशी ते गाणं लागेल तेव्हा मी त्या जागेत नानांची अकरा नावं मनात म्हणेन. घाई करणार नाही, शब्द देतो. गेलेल्यांची नावं घ्यायचं काम नानांनी आणि तुम्ही माझ्यावर टाकलंत आणि मी ते आजवर चुकवलेलं नाही. पण तुमच्या वेळी मी येणार नाही, हे आताच सांगून ठेवतो. तुम्ही इतकं जगा, पेटीवरचा पाय इतका चालू ठेवा, की माझा आवाज आधी थकावा आणि माझं नाव, गाव, काम तुम्हालाच सांगावं लागावं.